फारशी ओळख नाही

आमचं आडनाव 'नीस'वर संपतं. नेमकं कोणतं ते सांगत नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस ही सगळी मंडळी स्वभावानं शांत असली, तरी दुखावली गेली की लेखी खुलासा मागतात. आणि लिहिणं हा तर त्यांचा पिढीजात धंदा. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत मी या आडनावाला अस्सल मराठमोळं समजून छाती पुढे काढून चालत होतो. आडनाव सोडलं तर छाती पुढे काढावी असं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर छातीही नव्हती. मग एका मे महिन्यात माळ्यावर पापडांचा डबा शोधताना एक जाडजूड कोश हाती लागला. त्यानं मला सांगितलं, की 'नीस' म्हणजे 'नवीस', 'नवीस' म्हणजे लिहिणारा, आणि हा शब्द इराणातून आलेला आहे. पारसनीस म्हणजे तर चक्क 'फारसी-नवीस', फारशी लिहिणारा! निदान 'अस्सल' तरी आपला असेल म्हणून तो शब्द काढून पाहिला, तर तो अरबस्तानातून इराणमार्गे आलेला.

त्या दुपारपासून इराणशी आपलं काहीतरी नातं आहे असं मला वाटू लागलं. नातं वाटायला तिथं जावंच लागतं असं नाही. आमची आत्या पुण्याबाहेर पंढरपूरपलीकडे गेली नव्हती, पण इंग्लंडच्या राणीच्या सुनांबद्दल ती ज्या काळजीनं बोलायची, त्या काळजीनं ती स्वतःच्या सुनांबद्दल कधी बोललेली मला आठवत नाही.

माझ्या बाबतीत अडचण एकच होती. ती म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा भाषाशुद्धीवाले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या लेखनानं तरुणपणी भारून गेलेल्या पिढीतले. 'तारखे'ला 'दिनांक' म्हणणं हे त्यांच्या दृष्टीनं सीमेवर लढण्याइतकंच महत्त्वाचं कार्य होतं. घरात एक टिनाची पेटी होती, तिच्यावर 'दंड' असं लिहिलेलं. तोंडातून एक परका शब्द गेला की एक नवा पैसा त्या पेटीत. आमची आई रोज सकाळी पहिल्या दहा मिनिटांत कफल्लक व्हायची. "जरा दरवाजा लावून घ्या, हवा गार आहे" एवढं ती झोपेतून उठून बोलली की तीन पैसे गेले. पुढे पुढे ती खुणांनीच बोलू लागली. अण्णांना वाटलं, बायको शुद्ध झाली. आईला वाटलं, नवरा गप्प झाला. संसार सुखाचा झाला.

बुद्धिबळ खेळताना अण्णा 'शह' म्हणत नसत, कारण 'शह' म्हणजे इराणचा शाह. ते म्हणत, "आपला राजा संकटात आहे, सावरावा." एवढं वाक्य पुरं होईपर्यंत समोरच्याला पुढल्या तीन चाली सुचलेल्या असत. बहुतेक डाव अण्णा हरत. पण शुद्ध भाषेत हरत.

माळ्यावर सापडलेला तो कोश अण्णांचाच होता. माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे कवी माधव जूलियनांचा, १९२५ सालचा फारशी-मराठी कोश. पानोपानी तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. घरातून कोणकोणते शब्द हद्दपार करायचे, त्यांची ही यादी. आता शत्रूची यादी करायची म्हणजे त्याचं नाव, गाव, घराणं हे सगळं माहीत करून घ्यावं लागतं. त्या नादात अण्णांना इतकी फारशी येत होती, की आमच्या पेठेत त्यांच्याइतकी कुणाला येत नसेल. फक्त ती ते बोलत नसत.

त्या कोशानं मी झपाटून गेलो. सुट्टीभर घरात फिरून वस्तू तपासत होतो. खुर्ची, मेज, पडदा, चादर, रुमाल, चष्मा, मोजे, पायजमा. अंगावरचा पायजमासुद्धा आपला नाही म्हटल्यावर माणसाला कसं उघडं पडल्यासारखं वाटतं! देवघरात तरी निश्चिंत बसावं, तर समईशेजारी गुलाब, आणि नैवेद्याच्या वाटीत बेदाणा; 'बे' म्हणजे शिवाय आणि 'दाना' म्हणजे बी. दिवाळीतल्या शंकरपाळ्यात भगवान शंकर कुठेच नाहीत, आहे ती 'शकर', म्हणजे साखर. शेवटी एक शब्द सापडला आणि मी धावत अण्णांकडे गेलो.

"अण्णा, 'शाबास' हा शब्द फारशी आहे. 'शाद बाश', आनंदी राहा."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "शाबास!" मग त्यांच्या लक्षात आलं, काय झालं ते. जिभेला चावा घेत ते स्वतःशीच पुटपुटले, "हे शाबास कसं काय निसटलं?" दोन पैसे झाले. तेवढ्यात आईनं आमटी उतरली म्हणून सगळ्यांना हाक मारली आणि अण्णांचे ते दोन पैसे पेटीत पडायचे राहूनच गेले. आम्ही दोघंही ते विसरलो, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आता हे इराणी शब्द आमच्या देवघरापर्यंत आले कसे, तर त्याला इतिहास आहे. १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य उभं राहिलं आणि दरबारची भाषा फारशी झाली. तिथला वजीर महमूद गवान हा मूळचा इराणातल्या गिलानचा. त्यानं १४७२ साली बिदरला बांधलेला मदरसा आजही मोडक्या मिनारासह उभा आहे. दरबारची भाषा एकदा बदलली की कुलकर्ण्याची लेखणी बदलते, आणि लेखणी बदलली की जीभ बदलते. आदिलशाही आणि निजामशाहीतली मराठी कागदपत्रं वाचावीत, तर क्रियापदं तेवढी मराठी आणि बाकी सगळा इराणी बाजार. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर जुन्या पत्रांतले फारशी शब्द मोजून त्यांची टक्केवारीच काढली होती.

शिवाजी महाराजांनी हे ओळखलं. १६७४ च्या राज्याभिषेकात मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, वाकनिसाचा मंत्री, डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती झाला. रघुनाथपंडितांच्या नावानं ओळखला जाणारा राज्यव्यवहारकोश त्याच काळातला. परक्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीच तो झाला. अण्णांची दंडाची पेटी या परंपरेतली होती आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. मात्र पुढे मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, तेव्हा त्या मोहिमांमागे जी गादी होती, तिचं नाव 'पेशवा', म्हणजे पुढे चालणारा, हे शुद्ध फारशीच राहिलं. त्याला मुख्य प्रधान असा छान संस्कृत पर्याय होता, शिक्क्यावरही होता. पण शनिवारवाड्यासमोर उभं राहून कुणाला विचारा, इथं कोण राहत होतं? 'मुख्य प्रधान' असं सांगणारा अजून भेटायचाय.

स्वतः कोशकारांची गंमत तर आणखी न्यारी. माधवरावांनी फारशी शिकवली, उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, गझल मराठीत रुजवली. आणि पुढे हेच माधवराव भाषाशुद्धीचे कैवारी झाले. १९३८ साली त्यांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. लहानपणी मला हे कोडं वाटायचं. आज वाटतं, त्यात कोडं कसलं? ज्याला शेजाऱ्याचं घर मनापासून आवडतं, त्यालाच कळतं की आपलं घर कुठं संपतं आणि त्याचं कुठं सुरू होतं.

यथावकाश मी महसूल खात्यात चिकटलो. पद होतं कारकून. 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा, काम करणारा! ही व्युत्पत्ती मी कचेरीत पहिल्याच दिवशी सांगितली, तेव्हा हेडक्लार्कना खोकल्याची उबळ आली. नंतर १९६४ च्या राजभाषा अधिनियमामागून नवे प्रतिशब्द आले आणि आम्ही 'लिपिक' झालो. म्हणजे आता काम करण्याचा संबंध नावापुरताही उरला नाही. तरी अर्ज, दाखला, दप्तर, तहसील, जमाबंदी हे जिथल्या तिथं होते. एकूण आमचं काम फारशी, पगार पोर्तुगीज, आणि वरिष्ठांच्या शिव्या तेवढ्या शुद्ध मराठी.

कचेरीच्या कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल होतं. संगमरवरी मेजं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला मोठे आरसे आणि बरणीत खारी. गल्ल्यावर शेठ. दहाअकरा वर्षांचा असताना यज्दजवळच्या एका खेड्यातून काकाचं बोट धरून मुंबईला उतरला, आणि मुंबईहून पुण्याला. एकोणिसाव्या शतकापासून अशी पुष्कळ माणसं यज्द आणि केरमानहून आली. इराणातल्या जरथोस्त्यांचे तेव्हा फार हाल होते. मुंबईच्या पारशांनी माणेकजी लिमजी हातरिया यांना १८५४ साली तिकडे पाठवलं, त्यांनी वर्षानुवर्षं शाहाच्या दरबारी खेटे घातले, तेव्हा कुठं १८८२ साली त्यांच्यावरचा जिझिया उठला. पण कर उठला तरी गरिबी उठत नाही. माणसं येतच राहिली आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चहा ओतत राहिली.

मी मनातल्या मनात फारशीची जुळवाजुळव करून एक दिवस गल्ल्यासमोर उभा राहिलो. माझी फारशी कोशातली आणि सादीच्या 'गुलिस्तान'मधली. 'गुलिस्तान' १२५८ सालचं. आपली ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे कुणी ज्ञानेश्वरीतल्या मराठीत कोपऱ्यावरच्या टपरीवर कटिंग मागावा, तसा तो प्रकार होता. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं. गल्ल्याचा खण लावला.

"साहेब, समजलं सगळं," तो म्हणाला. "पण आमच्यात असं माणूस नाय बोलत. असं पुस्तक बोलते."

तरी त्या दिवसाचा चहा त्यानं माझ्याकडून पैसे न घेता पाजला. इराण्यानं फुकट चहा पाजला हे मी कचेरीत सांगितलं, तेव्हा मात्र कुणाचा विश्वास बसला नाही.

मग रोज बसणं सुरू झालं. मी माझं ज्ञान पाजळायचा. इराणचा पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लूर' हा १९३३ साली मुंबईत तयार झाला. काढणारे अर्देशीर इराणी, 'आलम आरा'वाले, आणि त्यांचा जन्म आमच्या पुण्यातला. हे सांगून मी म्हणालो, "शेठ, आपण घरातलेच!" शेठ माझ्या चुका सुधारायचा. एकदा म्हणाला, त्याची आई संध्याकाळी बागेचा तमाशा करायची. मी दचकलो. शेठच्या आईविषयी माझ्या मनात आदर होता. मग कळलं, तिकडे 'तमाशा करणं' म्हणजे नुसतं बघणं. कलिंगडाला तिकडे म्हणतात 'हिंदवाना', म्हणजे हिंदचं. आम्ही त्यांच्या शब्दांवर जगत होतो तेव्हा ते आमच्या नावाचं फळ खात होते, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

एका रविवारी शेठला घरी नेलं. अण्णांसमोर नेताना छातीत धडधडत होतं. पण अण्णांनी त्याचे दोनचार शब्द ऐकले आणि ते एकदम सावरून बसले. आत जाऊन मला म्हणाले, "यांचे उच्चार बघ. स्वच्छ! नाहीतर तू. परकी भाषा बोलायची तर ती तरी शुद्ध बोल." म्हणजे अण्णांचं वैर फारशीशी नव्हतंच, ते भेसळीशी होतं. हे मला तिशीत कळलं. मुलाला बाप कळायला एवढी वर्षं लागतात, आणि मध्ये एखादा इराणी लागतो.

मग दोघांनी पट मांडला. अण्णा म्हणाले, "हा खेळ आमचा. चतुरंग. आमच्याकडून तुमच्याकडे गेला." शेठ म्हणाला, "खेळ तुमचा, अण्णासाहेब. शाह आमचा." आणि घोडा पुढं सारून त्यानं शह दिला. रात्री नऊपर्यंत डाव चालले होते. शेवटच्या डावात अण्णांनी उंट दाबला आणि नकळत ओरडले, "शह!" घर चिडीचूप झालं. आईनं स्वयंपाकघरातून पदराच्या गाठीतला एक पैसा आणून मुकाट्यानं पेटीत टाकला. त्या रात्री मी अण्णांना पहिल्यांदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं.

१९८९ साली अण्णा गेले. त्याआधी त्यांनी मृत्युपत्र स्वहस्ते शुद्ध मराठीत लिहिलं होतं. वकिलांनी ते दोनदा वाचलं आणि परत पाठवलं; म्हणाले, घर मुलाला द्यायचंय की देवाला तेच कळत नाही. अण्णांनी निमूटपणे नवं लिहून घेतलं. मालमत्ता, वारस, हक्क, कब्जा, खरेदी, जमीन. प्रत्येक ओळीत पाचसहा पैसे. त्यातच एक कलम होतं, फारशी-मराठी कोश चिरंजीवास द्यावा. तेरा दिवस झाल्यावर मी तो उघडला. 'शाबास'च्या बाजूला समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं, '२ पैसे. बाकी.'

आता 'बाकी'सुद्धा परकाच शब्द. म्हणजे तीन पैसे झाले. पण हिशेब कुणाला सांगू?

हॉटेल १९९८ साली बंद झालं. शेठची मुलं कॅनडात गेली होती. त्यांना शब्द येत होते ते इंग्रजी आणि थोडे गुजराती. शेवटच्या दिवशी शेठ रिकाम्या हॉटेलात बसला होता. सामान घेणारा भंगारवाला खुर्च्या मोजत होता. बोलायला काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "शेठ, यातली एक खुर्ची मला द्या. शब्द तुमचा, खुर्चीही तुमची."

शेठ हसला. "साहेब, इतकी वर्षं सांगायचं राहिलं. ही खुर्ची नाही. आमच्यात हिला संदली म्हणतात."

"मग खुर्ची म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. त्याच्या गावी थंडीत घरात एक बुटकं मेज मांडत. त्याखाली निखाऱ्यांची शेगडी, वरून ही एवढी मोठी गोधडी. घरातली सगळी माणसं भोवती बसून गोधडीत पाय घालत. डिसेंबरातल्या सर्वांत लांब रात्री तिथंच बसून डाळिंब खायचं, कलिंगड खायचं, आजीच्या गोष्टी ऐकायच्या. वाळवंटातली थंडी. पाठ गार आणि पाय गरम. त्या मेजाला म्हणतात 'कोर्सी'.

"माझ्या पोरांना हा शब्द माहीत नाय," शेठ म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही तर त्याच्यावर बसता!"

दोघंही हसलो. मग तो हसायचा थांबला आणि भंगारवाल्याला ओरडून म्हणाला, एक कमी मोज.

इतकी वर्षं मी आपण हाडाचे इराणी म्हणून मिरवत होतो. सतराशे साठ शब्द पाठ होते, आणि रोज ज्याच्यावर बसत होतो त्या एका शब्दाच्या आत शेठची आजी बसली आहे याचा मला पत्ता नव्हता. शब्द आमच्याकडे आला तो दरबारातून, कचेरीतून. तिच्या गोधडीतून नाही. ती ऊब कुठल्याच कोशात नव्हती. तेव्हापासून इराणची माहिती कुणी विचारली, तर मी नम्रपणे सांगतो, माझी फारशी ओळख नाही. कोणत्या अर्थानं घ्यायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

ती काळी खुर्ची आता माझ्या खिडकीपाशी आहे. थंडीत संध्याकाळी मी तिच्यावर बसतो आणि पायांवर आईची जुनी गोधडी घेतो. नात विचारते, "आजोबा, एवढी कुठे थंडी आहे पुण्यात?"

मी म्हणतो, "पुण्यात नाही गं."